जुन्या एक्सपी मशीनची हार्ड डिस्क टकटक करतेय, आईच्या फायली कशा काढू? (नाशिक)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरी आईचा एक पेंटियम ४ पडून आहे. विंडोज एक्सपी, ८० जीबीची आयडीई हार्ड डिस्क. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या बायकांकडून तिने जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, वह्यांमध्ये लिहिल्या आणि निवृत्तीनंतर स्वतः टाइप केल्या. वह्यांना वाळवी लागली, त्यामुळे आता जे आहे ते त्या मशीनमध्येच. शिवाय २००३ च्या सिंहस्थाचे आणि २००८ च्या पुराचे फोटो.

परवा चालू केला तर विंडोजचा लोगो येऊन तिथेच अडकला. आतून टक... टक... असा आवाज येतो, मग थोडा वेळ शांत, मग परत टक. बंद करून ठेवलाय. ओळखीचे एक जण म्हणाले, दुकानात द्या, नवीन विंडोज टाकून देतील. द्यावा का? नाशिकमध्ये हे काम खात्रीने कोण करतं?

थॉमसन सीडलेस
नवीन विंडोज??? ताई, आधी तो डबा लपवून ठेवा. विंडोज टाकायचं म्हणजे बहुतेक ठिकाणी सी ड्राइव्ह फॉरमॅट करूनच टाकतात. माय डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप, दोन्ही सी वरच असतात.

उन्हाळी कांदा
डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी लावा, अर्धा तास चालते. तेवढ्यात कॉपी मारा. जुना जालीम उपाय आहे.

सातपूरकर
कांदेभाऊ, हा उपाय कृपया कुणाला सांगू नका. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर बाहेर घाम धरतो, तसाच आतही धरू शकतो. त्या अंतराच्या मानाने दवाचा थेंब म्हणजे डोंगर. हेड त्याला धडकलं की तबकडीवरचा लेप खरवडला जातो आणि मग पुण्या-मुंबईची लॅबही हात वर करते. फार जुन्या काळी बेअरिंग अडकलेल्या काही डिस्क थंड केल्यावर फिरल्या असतील, त्या किश्शांवर हा उपाय अजून जगतोय.

ताई, तुम्ही मशीन बंद केलं हे उत्तम केलंत. आता ते पुन्हा पुन्हा चालू करून 'बघू आज होतं का' हे करायचं नाही. टक आवाज म्हणजे हेडला तबकडीवरच्या दिशादर्शक खुणा सापडत नाहीत, ते परत मूळ जागी येतं आणि पुन्हा प्रयत्न करतं. प्रत्येक प्रयत्नात झीज होते.

पण त्याआधी एक शंका. दोष डिस्कचाच आहे हे कशावरून? वीस वर्षांचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, १२ व्होल्ट नीट देत नसेल तरी मोटर पूर्ण वेग पकडत नाही आणि असाच आवाज येतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत का बघा, वरची बाजू सपाट न राहता टेकडीसारखी झाली असेल. तारीख २००२ ची दाखवत असेल तर ती फक्त सीआर २०३२ सेल संपल्याची खूण, त्याची काळजी नको.

गोदाकाठची
दोन कपॅसिटर फुगलेत! वरून तपकिरी काहीतरी बाहेर आलंय. आणि हो, तारीख जुनीच दाखवत होता.

सातपूरकर
मग आशा आहे. त्या मशीनवर डिस्क चालवूच नका. काढून घ्या. मागची चपटी पट्टी म्हणजे आयडीई केबल, ती सरळ ओढायची, तिरकी नाही, नाहीतर पिना वाकतात. डिस्क हातात घेताना खालच्या हिरव्या सर्किटला बोट लावू नका.

पेठरोड
माझ्या एका मित्राने चेकडिस्क चालवून डिस्क दुरुस्त केली होती. कमांड प्रॉम्प्टवर चेकडिस्क स्लॅश आर. हे सोपं नाही का?

सातपूरकर
मित्राच्या डिस्कला फाइल सिस्टिमचा गोंधळ असेल, तिथे ते चालतं. यांच्या डिस्कला शरीराचं दुखणं आहे. चेकडिस्कचा हेतू विभाजन पुन्हा वापरण्याजोगं करणं हा, तुमचा डेटा वाचवणं हा नाही. स्लॅश आर दिलं की ते सगळी डिस्क घासून वाचतं आणि वर दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहितं. अर्धवट वाचलेल्या फोल्डरच्या नोंदी तोडून टाकतं. मरणासन्न डिस्कवर काहीही लिहायचं नाही. डीफ्रॅग नाही, रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करणं नाही, 'फॉरमॅट करायचं का' असं विंडोजने विचारलं तर होय म्हणायचं नाही.

जुना मदरबोर्ड
सातपूरकरांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी पुढचं सांगतो. हा धागा अजून कुणाला उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर.

डिस्कला एकदाच हात लावायचा, तिची पूर्ण इमेज, म्हणजे एकाच मोठ्या फाइलमधली हुबेहूब प्रत, घ्यायला. फायली शोधणं, उघडणं, निवडणं हे सगळं नंतर इमेजवर. लोक उलटं करतात. डिस्क लावतात, एक्सप्लोररमध्ये फोल्डर उघडतात, फोटोंची छोटी चित्रं दिसायची वाट बघतात. तोपर्यंत विंडोज एकाच खराब सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या एका बारीक तुकड्यावर, डोकं आपटत बसलेलं असतं.

साधन आहे जीएनयू डीडीरेस्क्यू. फुकट आहे, लिनक्सवर चालतं. याची खुबी अशी की आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलून घेतं. अडलं की तिथे घुटमळत नाही, उडी मारून पुढे जातं. चांगला भाग हाती लागल्यावर मग मागे येऊन खराब पट्ट्यांच्या कडा कुरतडतं. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं याची नोंद 'मॅपफाइल'मध्ये ठेवतं. लाइट गेली, डिस्क गरम झाली, मध्येच थांबवलं, तरी परत सुरू केल्यावर तिथूनच पुढे. मॅपफाइल दिल्याशिवाय चालवू नका, नाहीतर ही सगळी सोय वाया.

पहिल्या फेरीत डॅश डी आणि डॅश एन हे पर्याय द्या. डी म्हणजे सिस्टिमचा कॅश टाळून थेट डिस्क वाचणं, एन म्हणजे सध्या कुरतडू नको. ती संपली की दुसऱ्या फेरीत एन काढून डॅश आर ३, म्हणजे उरलेल्यावर तीन प्रयत्न. दोन्ही वेळा इमेज तीच, मॅपफाइल तीच.

आता खड्डे. स्रोत आधी, ठिकाण नंतर, हा क्रम चुकला तर रिकामी डिस्क तुमच्या ओव्यांवर ओतली जाईल. आधी एलएसबीएलके कमांड देऊन आकार बघा. ८० जीबी म्हणून विकलेली डिस्क तिथे ७४.५ दिसेल, तीच तुमची. एंटर दाबण्याआधी दुसऱ्या माणसाकडून ओळ वाचून घ्या. इमेज ज्या ड्राइव्हवर घ्याल तो फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएस किंवा ईएक्सटी ४ ठेवा.

उबंटूत या पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे. डीडी, अंडरस्कोर, रेस्क्यू असं लिहिलेला प्रोग्राम वेगळाच आहे, त्याचे पर्यायही वेगळे. हा घोळ टाळायचा तर सिस्टमरेस्क्यूचा पेनड्राइव्ह बनवा, म्हणजे त्यावरूनच मशीन लिनक्समध्ये सुरू होते. त्यात डीडीरेस्क्यू आणि हरवलेली विभाजनं शोधणारं टेस्टडिस्क, दोन्ही तयार असतात.

गोदाकाठची
बापरे. समजतंय, पण हात थरथरतायत. पेनड्राइव्ह कुठल्या मशीनला लावू? आणि आयडीई डिस्क लॅपटॉपला लागणार कशी?

जुना मदरबोर्ड
पेंटियम ४ वर आताची लिनक्सं बहुतेक उठणारच नाहीत, आणि ती मशीन तशीही बाद. आयडीई-टू-यूएसबी अडॅप्टर मिळतो. फक्त ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबी ५ च देतं, म्हणून वेगळा पॉवर अडॅप्टर येणारा संच घ्या. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कसाठीची नुसती केबल इथे चालणार नाही. डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी, म्हणजे जंपर, मास्टरवर ठेवा.

खरं सांगायचं तर यूएसबी अडॅप्टर हा तडजोडीचा मार्ग. खराब सेक्टर आला की कधी कधी अडॅप्टरच गोठतो, आणि जुने अडॅप्टर डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, पुढे जाऊ देत नाहीत. चांगल्या स्थितीतली, आयडीई पोर्ट असलेली मदरबोर्ड मिळाली तर सोन्याहून पिवळं.

सातपूरकर
माझ्याकडे आहे. कोअर टू ड्युओचा डबा, बोर्डवर एक आयडीई पोर्ट, एसएमपीएस नवा, यूपीएसला जोडलेला. ताई, रविवारी डिस्क घेऊन या. येताना एक रिकामा एक्सटर्नल ड्राइव्ह आणा. स्कूटरच्या डिकीत नुसती टाकून आणू नका. टॉवेलमध्ये गुंडाळा, द्वारका चौकातले खड्डे माहीत आहेत ना.

थॉमसन सीडलेस
आणि काम झाल्यावर मिसळ ताईंकडून 😄

कुलूपकिल्ली
थोडं वेगळं मत. मी हार्डवेअरच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत. स्वच्छ एसएमपीएसवरही डिस्क टकटक करत असेल तर घरचा प्रयोग तिथेच थांबवा. हेड गेलं असेल तर डीडीरेस्क्यू काही करू शकत नाही, उलट गेलेलं हेड तबकडी खरवडतं. तेव्हा लॅबच. तिथे धूळमुक्त कक्षात त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवून वाचतात. खर्च पाच आकडी होऊ शकतो.

नाशिकमध्ये 'डेटा रिकव्हरी' अशी पाटी बरेच जण लावतात. पाटीला अर्थ नाही, प्रश्न विचारा. डिस्क इथेच उघडणार की पुढे पाठवणार? पाठवणार असाल तर कुठे? डेटा नाही निघाला तर पैसे किती? उघडण्याआधी मला विचारणार का? काउंटरवर पंख्याखाली स्क्रू ड्रायव्हर काढणारा दिसला तर डिस्क उचला आणि चालते व्हा.

अजून एक. 'सारख्या मॉडेलचं सर्किट बदलून देतो' असं सांगणारेही भेटतात. फार जुन्या डिस्कला ते चालायचं. नंतरच्या डिस्कमध्ये त्या-त्या डिस्कपुरती जुळवणी सर्किटवरच्या रॉम चिपमध्ये असते, ती चिप नव्या सर्किटवर हलवल्याशिवाय नुसतं सर्किट बदलून भागत नाही.

सातपूरकर
कुलूपकिल्लींशी शंभर टक्के सहमत. माझ्याकडे लावल्यावर टक ऐकू आलं की लगेच वीज काढणार, आग्रह नाही.

सातपूरकर (रविवारी रात्री)
ताईंना टाइप करायला वेळ नाही, त्या फोटो बघतायत, म्हणून मी लिहितो. नव्या एसएमपीएसवर डिस्क सुरळीत फिरली, टक एकदाही नाही. म्हणजे आवाज विजेच्या कमतरतेचा होता. पण डिस्कही निरोगी नाही. स्मार्टमध्ये ०५ म्हणजे बदललेले सेक्टर आणि सी५ म्हणजे वाचायचे अडलेले सेक्टर, दोन्ही शून्यापेक्षा बरेच वर. सी७ शून्य, म्हणजे केबलवर संशय नाही.

पहिली फेरी दुपारच्या जेवणाआधी झाली. दुसऱ्या फेरीने वेळ खाल्ला. शेवटचा आकडा ९९.९८ टक्के. ऐकायला छान वाटतं, पण ८० जीबीचे ०.०२ टक्के म्हणजे साधारण १६ एमबी गेले. फोटोंमध्ये १६ एमबी काहीच नाही, वर्डच्या फायलींमध्ये मात्र आख्खं पुस्तक बसतं. ते १६ एमबी नेमके कुठे पडलेत हा आता खरा प्रश्न.

जुना मदरबोर्ड
वा! आता इमेजची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढा आणि डिस्क कपाटात ठेवा. मग त्या प्रतीवर डीडीरेस्क्यूचा फिल मोड चालवा. मॅपफाइलनुसार न वाचलेल्या प्रत्येक सेक्टरमध्ये तुम्ही दिलेला शब्द भरला जातो. एखादा कुठेच न येणारा शब्द द्या. मग ती प्रत माउंट करून, म्हणजे ड्राइव्हसारखी जोडून, सगळ्या फायलींत तो शब्द ग्रेप या शोधायच्या कमांडने शोधा. ज्या फायलींत सापडला त्या जखमी, बाकीच्या धडधाकट. नुसत्या उघडून बघण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण न वाचलेली जागा इमेजमध्ये शून्यांनी भरलेली असते आणि फाइल वरवर ठीक उघडू शकते.

फायली काढायला विंडोजवर ७-झिपही चालतं, ते एनटीएफएसची इमेज थेट उघडतं. लिनक्सवर फक्त वाचण्यापुरती माउंट करा, एक्सपीचे 'अ‍ॅक्सेस डिनाइड' तिथे आड येत नाहीत. फोटोरेक हा फायली हुडकणारा प्रोग्राम सगळ्यात शेवटी, फोल्डरची रचनाच गेली असेल तरच. तो फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून तुकडे ओळखतो, नावं परत देत नाही. हजारो बिननावी फायली चाळत बसावं लागतं.

गोदाकाठची
सगळ्यांचे किती आभार मानू. सिंहस्थाचे सगळे फोटो आले. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती पुरात बुडालेला २००८ चा फोटो आईने स्वतः काढला होता, तोही आला. शोधशब्द दोन फोटोंमध्ये सापडला आणि ओव्यांच्या फोल्डरमधल्या एका वर्ड फाइलमध्ये. बाकी ओव्यांच्या फायली शाबूत.

पण आता नवीनच संकट. फायली उघडतात आणि आत मराठी नाहीच! इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, उलटसुलट चिन्हं. सगळ्याच फायली खराब झाल्या का?

अक्षरजुळारी
नाही नाही, खराब झालेलं काही नाही. हा माझा प्रांत, भांडीबाजारात डीटीपी करत बरीच वर्षं गेली माझी. तुमच्या आई श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरवर टाइप करायच्या का? फाइल उघडा, मजकूर निवडा आणि फाँटच्या खिडकीत कुठलं नाव आहे ते सांगा. 'श्री-देव' ने सुरू होतं, 'डीव्हीबी-टीटी' ने, की 'कृतिदेव'?

गोदाकाठची
श्री-देव-०७१४. काही फायलींत डीव्हीबी-टीटी सुरेख.

अक्षरजुळारी
म्हणजे दोन काळातलं काम. ऐका. त्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, फक्त त्याचं चित्र मराठी काढलेलं. फाँट नसेल तर चित्र उतरतं आणि मागचा सांगाडा दिसतो. म्हणून इमेजमधून विंडोजच्या फाँट्स फोल्डरची पूर्ण प्रत आधी बाहेर काढा. हे लोक विसरतात, आणि डिस्क टाकून दिल्यावर आठवतं. तेच फाँट नव्या मशीनवर बसवले की मजकूर जसाच्या तसा दिसेल. श्रीलिपीचं कुलूप, म्हणजे पोर्टला लावायचा डोंगल, टायपिंगच्या सॉफ्टवेअरला लागायचं. नुसतं वाचायला फाँट पुरतो.

दिसू लागलं की लगेच पीडीएफ करून ठेवा, फाँट आत बसवून. ती पीडीएफ तुमची मूळ प्रत समजा. नंतर युनिकोडमध्ये बदला. कन्व्हर्टर मिळतात, पण श्री-देवचा सुरेखला लावू नका, प्रत्येकाची मांडणी वेगळी. आणि कन्व्हर्टरवर आंधळा विश्वास नको. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर तिथेच घसरतो, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. ओव्यांत बोलीचे शब्द, तेव्हा शब्दकोशाची तपासणीही उपयोगाची नाही. ती 'चूक' म्हणून सगळं लाल करेल, आणि कुणी भाबडेपणाने 'दुरुस्त' केलं तर निफाडच्या बाईची ओवी प्रमाण मराठीत जाऊन बसेल. पीडीएफ शेजारी ठेवून डोळ्यांनीच वाचा. शक्यतो आईंना सोबत बसवा, कुठला शब्द मुद्दाम तसा आहे हे त्याच सांगतील.

पेठरोड
हे कधीच माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीच्या जुन्या इतिवृत्ताच्या सीडीवर असंच काहीतरी दिसतं, मी व्हायरस समजून सोडून दिलं होतं.

अक्षरजुळारी
त्या सीडीची आजच प्रत काढा. आणि कुणाकडे पेजमेकर या छपाईच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फायली असतील तर लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडून बघा, मांडणी थोडी हलते पण मजकूर येतो.

गोदाकाठची
फाँट बसवले आणि आलं! आई चष्मा लावून स्क्रीनसमोर बसलीय आणि मला जागेवरून उठवलंय. ती एक जखमी फाइल मात्र उघडतच नाही. वर्ड म्हणतं फाइल खराब आहे. ती निफाडच्या बायकांची, आईच्या मते सगळ्यात मोठी.

जुना मदरबोर्ड
वर्डच्या 'उघडा' खिडकीत फाइल प्रकाराच्या यादीत 'कोणत्याही फाइलमधून मजकूर मिळवा' असा एक पर्याय असतो, इंग्रजीत 'रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल'. तो निवडून उघडा. सजावट, समास सगळं जाईल, मजकूर येईल. सुरुवातीला आणि शेवटी कचरा असेल, तो काढा. मग पूर्ण मजकुराला श्री-देव फाँट लावा. फिल मोड चालवलेल्या प्रतीवर हे करा, म्हणजे तुम्ही भरलेला तो शब्द जिथे दिसेल तिथे तुकडा गेलाय हे नेमकं कळेल.

गोदाकाठची
झालं. मध्ये एकाच ठिकाणी तो शब्द सलग उमटलाय, साधारण पानभर. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं आहे. आई म्हणते त्या पानावरच्या काही ओव्या तिला पाठ आहेत, आणि बाकीच्यांसाठी पिंपळगाव बसवंतला एका आजींकडे जायचंय. मे महिना संपल्यावर नेईन म्हटलं, तर म्हणाली, आजींचं वय बघ, याच आठवड्यात चल.

थॉमसन सीडलेस
जाताना मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करा ताई, चालीसकट.

गोदाकाठची
हो, नक्की. एक शेवटचं विचारते, जुनी डिस्क आता ई-कचऱ्यात देऊ का?

कुलूपकिल्ली
इतक्यात नको. इमेज दोन वेगळ्या ड्राइव्हवर आणि त्यातला एक दुसऱ्या घरी, एवढं होईपर्यंत कपाटातच राहू द्या. नंतर देताना मधोमध ड्रिलने आरपार भोक पाडून द्या. त्यात ओव्यांबरोबर आईंच्या पेन्शनचे आणि बँकेचे कागदही असतीलच.

सातपूरकर
ड्रिल माझ्याकडे आहे. आणि मिसळ अजून बाकी आहे, विसरलो नाही.